चाळीस मिनिटांचा परिचयवर्ग

‘हायब्रिड वाहनांचा परिचयवर्ग’ हे भारदस्त नाव मी दिलेलं नाही. ते आमच्या वर्कशॉपच्या साहेबांचं. मी मागितले होते दोन दिवस. एक दिवस वर्गात आणि एक दिवस गाडीपाशी, बॉनेट उघडून, प्रत्येकाकडून एकेक गोष्ट करून घेत. साहेबांनी माझा अर्ज पुरता वाचलाही नाही. तो बाजूला सरकवत म्हणाले, “दोन दिवस वर्कशॉपला कुलूप लावू का? जेवणाच्या सुट्टीनंतर चाळीस मिनिटं घ्या नि मोकळ्या व्हा. गाड्याच आहेत ना? विमान तर नाही?”

आणि मी घेतली चाळीस मिनिटं. माझी चूक तिथून सुरू होते. ती मी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात बांधणार नाही, पण साहेबांना त्यांच्या वाट्याची चूक पचवूही देणार नाही.

त्या वर्कशॉपमध्ये मी इलेक्ट्रिकल विभाग बघते आणि नव्या गाड्या आल्या की बाकीच्यांना शिकवते. बाबा तिथेच एकतीस वर्षं मेकॅनिक. त्यांना सगळे ‘कानसेन’ म्हणतात. गाडी फाटकातून आत वळायच्या आधीच, कुठलं बेअरिंग गेलंय ते बाबा हातातला चहा खाली न ठेवता सांगायचे. इंजिनावर लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. मशीन लावून तपासणाऱ्या पोरांना ते म्हणायचे, “तुमचं मशीन वीज गेली की बंद पडतं, माझा कान नाही.” मला या माणसाचा फार अभिमान होता. अजून आहे. म्हणूनच तर राग येतो.

तर तो वर्ग. अकरा माणसं, पोटभर जेवलेली, अर्धी पेंगुळलेली. खोलीत गाडी नाही, कारण आमच्याकडे आलेली एकुलती एक हायब्रिड मालक घेऊन गेला होता. रबरी हातमोज्यांचा एकच जोड, तोही सील न फोडता कपाटात ठेवलेला, तपासणीला कुणी आलं तर दाखवायला. माझ्याकडे होत्या प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायच्या बत्तीस पट्ट्या, म्हणजे स्लाइड्स.

मी सांगितलं की या गाडीत इंजिनही असतं आणि मोटरही. हळू जाताना, सिग्नलला थांबताना इंजिन झोपतं आणि मोटर गाडी ओढते. ब्रेक मारला की एरवी वाया जाणारा जोर ही गाडी बॅटरीत भरून ठेवते. म्हणून पेट्रोल कमी लागतं. कोण कधी काम करणार हे गाडीतला संगणक ठरवतो.

“म्हणजे एका घरात दोन कर्ते,” मागून डेंटरकाका म्हणाले. गाड्यांचे पोचे काढणारे हे काका म्हणजे बाबांचे वीस वर्षांचे दोस्त. “भांडणं होत नाहीत?”

“तिसरा आहे ना पंच,” बाबा म्हणाले. “बोला मॅडम, पुढे बोला.” घरी मला ‘ए पोरी’ म्हणणारा माणूस तिथे मला मॅडम म्हणत होता आणि सगळे खो खो हसत होते. मीही हसले. त्या हसण्यात माझी पाच मिनिटं गेली. आता ती पाच मिनिटं मला झोपेतसुद्धा सोडत नाहीत.

एकोणिसाव्या पट्टीवर मी होते. नारिंगी वायरमध्ये माणूस जागीच मरेल इतका विजेचा दाब असतो, तिला हात लावायचा नाही, हे सांगून झालं होतं. तेवढ्यात साहेब दारात येऊन घड्याळावर बोट आपटायला लागले. विसावी पट्टी होती ‘गाडी चालू आहे की बंद, हे कसं ओळखाल?’ एकविसावी होती ‘किल्ली कुठे ठेवाल?’ मी म्हटलं, “साहेब, आणखी दहा मिनिटं.” साहेब म्हणाले, “तीन गाड्या खोळंबल्यात. उरलेलं पुढच्या आठवड्यात.”

मग हजेरीचा कागद फिरला. त्यावर आधीच छापलेलं होतं, ‘सर्व विषय पूर्ण. प्रत्यक्ष सराव पूर्ण.’ अकरा जणांनी सह्या ठोकल्या. खाली ‘प्रशिक्षक’ असं लिहिलं होतं, तिथे मी केली. वाचून केली. पुढच्या आठवड्यात आपण पुरं करणारच आहोत, अशी मनाची समजूत घालून केली. पुढच्या आठवड्यात साहेब म्हणाले, “बघू.” त्याच्या पुढच्या आठवड्यात मी विचारलंच नाही.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, तीच हायब्रिड पाणी गळतंय म्हणून आली. मालकाने ती रॅम्पपर्यंत आणली, एसी तसाच ठेवला, गाडी बंद करायचं बटण न दाबता उतरला आणि फोनवर बोलत ऑफिसात गेला. गाडी चालू होती. इंजिन तेवढं झोपलं होतं. बाबांनी कान दिला. आवाज नाही. आतली किल्ली घेतली, बॉनेट उघडलं आणि पंपाचा पट्टा सैल आहे का ते बघायला नेहमीसारखी दोन बोटं त्याच्यावर दाबली. इकडे एसीने बॅटरी खाल्ली होती. संगणकाने ठरवलं की आता इंजिन हवं.

मी दोन रॅम्प पलीकडे होते. इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्याच क्षणी बाबांचा. उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापासून गेली, मधलं बोट अर्धं गेलं.

साहेब हॉस्पिटलात आले ते फळांची पिशवी घेऊन. बाबांच्या उशाशी ती ठेवली, आईला दोन शब्द बोलले, मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि विचारलं, “त्या वर्गाचा कागद फाइलला लावलाय ना? सह्या आहेत ना सगळ्यांच्या?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोटं शिवून अजून तास झाला नव्हता. पण मी काय केलं? “आहेत,” म्हणाले. मूग गिळून परत आत गेले आणि फळं कापायला घेतली.

आठ आठवडे बाबा घरी बसून होते. बसून म्हणजे खरोखर बसून, खिडकीकडे तोंड करून. आईने भरवलेलं नको, चमच्याने जेवायचं तर डाव्या हाताने सांडतं, म्हणून जेवणच कमी. डेंटरकाका दोनदा भेटायला आले. दोन्ही वेळा बाबांनी भिंतीकडे कूस वळवली. आई म्हणाली दुखतंय म्हणून असेल. काका चहा न घेता गेले. मी घरात सगळ्यांवर डाफरत होते. साहेबांवर, आईवर, दार वाजवणाऱ्या कुणावरही. बाबांवर तर सगळ्यात जास्त. आणि इतक्या दिवसांत ‘त्या दिवशी असं का झालं’ याबद्दल आम्ही दोघं एक अक्षर बोललो नव्हतो. मला वाटायचं, त्यांना कळलंच असेल. त्यांना एवढं कळत नाही?

मग कामगार सुरक्षा कार्यालयातून चौकशीची तारीख आली. साहेबांनी आपला अहवाल आधीच पाठवला होता आणि त्याची एक प्रत मला दिली, ‘माहितीसाठी’. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘प्रशिक्षित कर्मचाऱ्याची बेपर्वाई.’ हे मान्य झालं की बाबांना बेपर्वा ठरवून घरी पाठवणार. एकतीस वर्षांत ज्या माणसाने एक पाना जागेवर न पुसता ठेवला नाही, त्याच्या नावापुढे हा शब्द कायमचा लागणार.

आदल्या संध्याकाळी मी सांगून टाकलं. “उद्या मी खरं सांगणार आहे. वर्ग अर्धाच झाला. सराव झालाच नाही. माझी सही खोटी आहे.”

“मग तुझी नोकरी?” आई म्हणाली.

“जाईल.”

“वा! यांचं तर गेलंच आहे. आता तूही ये घरी, दोघं मिळून खिडकीत बसा.”

बाबा खिडकीकडे बघतच म्हणाले, “काही सांगायचं नाही. मी सांगणार आहे, पोरीने सगळं शिकवलं होतं. मीच ऐकलं नाही.”

“पण ते खोटं आहे, बाबा!”

“माझी बोटं, माझी चूक. तू मध्ये पडू नकोस.”

“बेपर्वा म्हणतील तुम्हाला.”

“म्हणू देत. मी बहिरा आहे का? पुष्कळ ऐकलंय.”

मी रागाने ताट सरकवून उठले. माझ्यावर उपकार करण्यासाठी ते स्वतःच्या नावाला काळं फासून घेणार होते आणि वर मी गप्प बसायचं होतं. असलं प्रेम नको मला, असं मी आईला ओरडून सांगितलं. आईने माझं ताट उचलून झाकून ठेवलं.

चौकशी त्याच खोलीत होती जिथे मी वर्ग घेतला होता. अधिकारी म्हणजे साठीला आलेल्या, बारीक चणीच्या बाई. कापडी पिशवीतून स्वतःचं पेन काढलं आणि साहेबांनी पुढे केलेला चहा बाजूला ठेवला. साहेबांनी अहवाल वाचला. आवाजात दुःख बिख कालवून वाचला. “आम्हाला फार वाईट वाटतं, पण प्रशिक्षण दिलं होतं. सह्या आहेत. माणूस जुना असला की त्याला वाटतं आपल्याला सगळं येतं.”

बाईंनी बाबांना विचारलं, “तुम्हाला शिकवलं होतं?”

“हो.”

“सगळं?”

“सगळं. प्रशिक्षक माझी मुलगी आहे. तिने नीट शिकवलं. मीच ऐकलं नाही.”

साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. मी उभी राहिले. “हे खोटं बोलतायत.”

“खाली बस,” बाबा म्हणाले.

“बसणार नाही. बत्तीसपैकी एकोणीस पट्ट्या झाल्या. सराव झाला नाही. या कागदावर माझी सही आहे आणि मी ती न शिकवता केली.”

“वडिलांसाठी बोलतायत हो,” साहेब बाईंना समजावणीच्या सुरात म्हणाले. “मुलगीच शेवटी. मी समजू शकतो.”

बाई आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग बाबांना म्हणाल्या, “बरं, शिकवलं होतं म्हणता. मग सांगा, अशा गाडीवर काम सुरू करण्याआधी पहिली गोष्ट काय करायची?”

“किल्ली काढून आपल्या खिशात ठेवायची,” बाबा ताबडतोब म्हणाले. आठ आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज कामावरचा लागला. “कुणी आत बसून गाडी चालू करू नये म्हणून. माझ्या हाताखाली जो जो शिकला, त्याला मी पहिल्या दिवशी हेच शिकवलं. त्या दिवशीही किल्ली माझ्या शर्टाच्या खिशात होती. हॉस्पिटलात नर्सने काढून माझ्या बायकोच्या हातात दिली. विचारा.”

किल्ली खिशात. साध्या गाडीत किल्ली तुमच्या खिशात असली की गाडी मेलेली असते. या गाडीत किल्ली जवळ असली की गाडीला वाटतं, मालक शेजारीच आहे. ती किल्ली घेऊन दहा पावलं लांब गेले असते तर गाडीने निदान पीं पीं करून सांगितलं असतं की मला चालू ठेवून कुठे निघालात. बाबा बेपर्वा नव्हते. अख्ख्या वर्कशॉपमधला सगळ्यात काळजी घेणारा माणूस होता तो आणि त्याने जन्मभर घेतलेली काळजीच त्या दिवशी घेतली होती.

“मग इंजिन कसं सुरू झालं?” बाईंनी विचारलं.

बाबा टेबलाकडे बघत म्हणाले, “कुणीतरी बटण दाबलं असेल. दुसरी किल्ली असते. कुणी, ते मला विचारू नका. मी नाव घेणार नाही. त्यालाही पोरंबाळं आहेत.”

अपघात झाला त्या वेळी रॅम्पवर, गाडीच्या दाराशी, डेंटरकाका उभे होते. पोचा बघायला आले होते. आठ आठवडे बाबा भिंतीकडे का वळत होते, ते मला तिथे, त्या खोलीत कळलं. आणि मी? मी त्या आठ आठवड्यांत दारं आपटली, ताटं सरकवली, साहेबांना मनातल्या मनात हजार शिव्या घातल्या. माझं काम शिकवण्याचं. पण बापाशेजारी पाच मिनिटं बसून मी त्यांना सांगितलं नाही की बाबा, ती गाडी आपोआप सुरू झाली. मला कुणाचा राग येत होता, सांगा बरं?

“बाबा, उठा,” मी म्हटलं. “खाली चला. बाई, तुम्हीही चला.”

“हा काय तमाशा?” साहेब म्हणाले. बाई उठल्या, म्हणून तेही उठले.

खाली एका गिऱ्हाइकाची हायब्रिड उभी होती, नुकतीच चाचणीची फेरी मारून आलेली, गरम, म्हणजे बटण दाबताच इंजिन लागणार नव्हतं. मी सगळ्यांना पिवळ्या रेघेच्या मागे उभं केलं. दार उघडलं, बटण दाबलं, एसी आणि दिवे पूर्ण चढवले, बॉनेट उघडलं आणि किल्ली हातात घेऊन बाबांच्या शेजारी येऊन उभी राहिले.

“चालू आहे की बंद?”

बाबांनी मान तिरकी केली. डोळे मिटले. “बंद.”

“चालू आहे, बाबा.”

“मला शिकवू नकोस. बंद आहे.” ते पुढे झाले. मी त्यांचा शर्ट मागून गच्च धरला आणि ओढून रेघेच्या मागे आणलं. माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसाला मी सगळ्यांदेखत असं ओढलं.

काहीच झालं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. साहेबांनी खाकरून घेतलं. “बाई, माझी एक मीटिंग आहे.” बाई म्हणाल्या, “थांबा.” तीन मिनिटं. चार.

आणि इंजिन सुरू झालं.

बाबा दचकून मागे सरकले. पट्टी बांधलेला हात त्यांनी पाठीमागे लपवला, लहान मुलासारखा. मग ते गाडीच्या बाजूने फिरले आणि काचेतून आत वाकून बघितलं. पुढच्या सीटवर, मागच्या सीटवर, खालीसुद्धा.

“आत कुणी नाही,” मी म्हटलं.

“मग कुणी केलं चालू?”

“हिने. स्वतःच. बॅटरी उतरली की ही स्वतःच इंजिन लावते. आधीही चालूच होती. तिला आवाज नसतो.”

“त्या दिवशी पण?”

“हो.”

“म्हणजे डेंटरने नाही.”

“नाही, बाबा. कुणीच नाही.”

ते इंजिनाकडे बघत उभे राहिले. पट्टा गरगर फिरत होता. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल होत गेला. मी तो चेहरा ओळखत होते. नट जास्त आवळून बोल्ट तोडणाऱ्यासाठी राखून ठेवलेला तो चेहरा होता. घरी तो कधी आला नव्हता.

“हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“वर्गाच्या दिवशी माहीत होतं?”

“हो. विसाव्या पट्टीवर होतं.”

“आणि सांगितलं नाहीस.”

मी म्हणू शकले असते की साहेब दारात होते. साहेब तिथेच उभे होते, बोटही दाखवता आलं असतं. “नाही सांगितलं,” मी म्हटलं.

“दोन महिने मी माझ्या दोस्ताला मनात चोर म्हणतोय. तो माझ्या दारातून चहा न पिता गेला. आणि तू घरात होतीस. शेजारच्या खोलीत!” त्यांचा आवाज सगळ्या वर्कशॉपभर गेला. पाने थांबले. पलीकडच्या रॅम्पवर डेंटरकाका हातोडा घेऊन तसेच उभे राहिले. “बोटांचं सोड. बोटं गेली तर गेली. हे एक वाक्य सांगायला तुला किती वेळ लागत होता?”



ते बाईंकडे वळले. “बाई, मघाशी मी सांगितलं ते खोडा.”

“अहो, रागाच्या भरात काही बोलू नका,” साहेब घाईने म्हणाले. “मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे.”

“तिचा प्रश्न ती बघेल. तुमचा तुम्ही बघा.” बाबा साहेबांकडे न बघता बोलत होते. “लिहा बाई. मला शिकवलं नव्हतं. कुणालाच शिकवलं नव्हतं. कागद खोटा आहे, साहेबांचा छापील मजकूर खोटा आहे आणि खालची सहीसुद्धा खोटी आहे. सही करणारी माझी मुलगी आहे, तेही लिहा.”

बाईंनी उघड्या बॉनेटखाली, चालू इंजिनाच्या कडेला वही टेकवायला घेतली. “तिथे नको!” बाबा ओरडले आणि त्यांचा हात धरून त्यांना मागे घेतलं. मग स्वतःची पाठ वाकवून पुढे केली, “इथे ठेवा वही, नि लिहा.”

बाई लिहीत राहिल्या. बाबा वाकलेले, मान खाली घालून, एकेक वाक्य सांगत राहिले. प्रत्येक वाक्यात मी होते. माझ्याशी इतक्या रागाने ते आयुष्यात कधी बोलले नव्हते आणि त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.